शेपूटसर

प्रत्येक तालुक्याला एक एसटी स्टँड असतो, स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान असतं आणि दुकानाच्या माडीवर स्पोकन इंग्लिशचा क्लास असतो. आमच्याकडच्या क्लासच्या सरांचं खरं नाव पाटीवर रंगवलेलं आहे, पण ते कुणी वाचत नाही. पोरांनी त्यांना ‘शेपूटसर’ करून टाकलंय.

कारण सरांची सगळी भक्ती एकाच क्रियापदावर. पुट! "व्याकरण गेलं खड्ड्यात. पुट घ्या, मागं शेपूट लावा," असं म्हणत ते खडू नाचवतात. ऑफ लावलं की काम लांबणीवर. आउट लावलं की दिवा विझला. ऑन लावलं की सदरा अंगात. थ्रू लावलं की फोन जोडून मिळाला. फूट डाउन म्हटलं की माणूस हट्टाला पेटला आणि फूट इन इट म्हटलं की भलतंच बोलून बसला. "पाय तोच, पडला कुठं एवढाच प्रश्न!"

पोस्टपोन, टॉलरेट, एक्स्टिंग्विश यांचा सरांना मनस्वी राग. ती लॅटिन माहेरची, नाकं मुरडणारी मंडळी. "एक्स्टिंग्विश म्हणेपर्यंत घर जळून जाईल. पुट आउट म्हणा आणि बादली उचला!"

कुणी शंका काढलीच, तर सर ऑग्डेनसाहेबांना पुढे करतात. सी. के. ऑग्डेन या इंग्रज पंडितानं १९३० साली ‘बेसिक इंग्लिश’ मांडलं. अख्खी भाषा ८५० शब्दांत, त्यात क्रियापदं फक्त १८. त्या अठरांत पुट आहे, हे सांगताना सरांची छाती अशी फुगते, की चुलतभाऊच आमदारकीला निवडून आलाय.

ऑक्सफर्डच्या थोरल्या शब्दकोशावरही त्यांची बारीक नजर. तिथं सर्वांत लांबलचक नोंदीचा मान वर्षानुवर्षं सेटकडे होता. नव्या आवृत्तीचं काम सुरू झालं आणि २००० साली मेकनं तो पटकावला, २००७ साली पुटनं. सरांनी क्लासभर पेढे वाटले. पण २०११ साली रन ६४५ अर्थ घेऊन आलं आणि पुटची गादी गेली. त्या दिवशी क्लासला सुट्टी. "धावणाऱ्याचं काय कौतुक! आज पुढं जाईल, उद्या दमेल. पुट जिथं ठेवाल तिथं राहतं," अशी सरांनी स्वतःची समजूत काढली.

व्यवहारात मात्र हेच प्रेम सरांना नडतं. महिनाअखेरीस एखादं बेरकी पोरगं उभं राहतं. "सर, मे आय पुट ऑफ द फीज?" सर गहिवरतात. ऑफ बरोबर लागलंय! फी बाजूला राहते आणि पोराला शाबासकी मिळते. साहजिकच, सरांचं भाडंही पुट ऑफ होत राहतं.

परवा घरमालक जिना चढून वर आले. मुलाकडून वाक्य पाठ करून आले होते. तुमचं आता सहन होत नाही, असं सुनावायचं होतं, म्हणजे पुट अप विथ हवं होतं. रागाच्या भरात विथ जिन्यातच राहिलं. मालक गरजले, "आय कान्ट पुट यू अप!"

सरांनी टाळ्याच वाजवल्या. "वा, अण्णा! याचा अर्थ, मी तुम्हाला घरात ठेवून घेऊ शकत नाही. चुकलात, तरी घरमालकाला शोभेल असंच चुकलात!"

मग फळा पुसला गेला. विथ लावलं तर काय, काढलं तर काय, यावर तासभर शिकवणी झाली. मालकांनी दोन्ही वाक्यं वहीत उतरवली, घोटून म्हटली आणि सायंकाळच्या बॅचला नाव घातलं. भाड्याचा विषय निघालाच नाही. फीचा निघाला, तेव्हा अण्णांनी ती पुट ऑफ केली आणि सरांनी मोठ्या आनंदानं ‘व्हेरी गुड’ म्हटलं.