फळकुटाची गिटार

उत्रोलीसारख्या गावात लाकडाची उतरंड पक्की ठरलेली असते. सागवान देवघराला आणि दाराच्या चौकटीला, बाभूळ औताला, आंबा स्लॅबच्या फळ्यांना, आणि पॅकिंगच्या खोक्यांतून निघालेलं पाइन थंडीत शेकोटीला. या उतरंडीत इलेक्ट्रिक गिटार कुठे बसते, हे भोर तालुक्यातल्या सुताराला फारसं कुणी विचारलेलं नसावं. विचारलंच तर तो सागवानाकडे बोट दाखवील. पुण्यातला जाणकार भुवया उंचावून महोगनी आणि रोझवूडची नावं घेईल, आणि ती अशा आवाजात घेईल की ऐकणाऱ्याने खिसा चाचपावा. माझ्या मते दोघांचंही चुकतं. या वाद्याचं धड शेकोटीच्या वाट्याला आलेल्या फळीचंसुद्धा चालतं. कंजूषपणा करू नये अशी जागा गिटारमध्ये आहे, पण ती धडात नाही.

कारण साधं आहे. मिरजेचा कारागीर सतारीसाठी भोपळा आणि तुणीचं लाकूड पारखून घेतो, ते योग्यच आहे. तिथे भोपळा आणि तबली हाच लाऊडस्पीकर. लाकूड बोललं नाही तर सतार मुकी. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते या पारखीलाच मिळालं म्हणायचं. इलेक्ट्रिक गिटारचा मामला वेगळा. पोलादी तारेखाली चुंबक असतं, आणि चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेली ही गोष्ट. या जुडग्याला पिकअप म्हणतात, आणि पिकअपला तार ऐकू येते, लाकडाची जातकुळी नाही. धडाचं काम तारा ताणून धरणं, एवढंच. मांडवाचा खांब चंदनाचा आहे म्हणून लग्न चांगलं लागतं असं कुणी म्हणत नाही.

इतिहासही माझ्या बाजूने साक्ष देतो. लेस पॉल या अमेरिकन वादकाने १९४०च्या सुमारास चार इंच बाय चार इंचाच्या पाइनच्या ओंडक्यावर तारा आणि पिकअप बसवले. वाद्य उत्तम वाजत होतं, पण लोकांना ते पटेना. तेव्हा त्याने एक जुनी गिटार उभी कापली आणि तिचे दोन अर्धगोल ओंडक्याच्या दोन्ही अंगांना चिकटवले. आवाजात फरक शून्य, पण आता श्रोते खूश. माणसं संगीत डोळ्यांनी ऐकतात याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याने १९४९ साली पहिला नमुना केला तो पाइनचाच. डॅनइलेक्ट्रो कंपनीने तर दाबलेल्या लाकडी तंतूंच्या हार्डबोर्डच्या गिटारी विकल्या आणि त्यांचे पिकअप लिपस्टिकच्या नळ्यांत बसवले. त्यांच्यापुढे आपलं पाइनचं खोकं खानदानी ठरावं.

पण सगळ्यात बोलकं उदाहरण ब्रायन मे या गिटारवादकाचं. त्याचा एक धागा आपल्या घाटापर्यंत येतो. भोरहून मांढरदेवीचा घाट चढून वाईला उतरलं की पुढे पाचगणी लागते. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा शिकला आणि पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. त्याच्याच बँडमधला ब्रायन मे आयुष्यभर जी गिटार वाजवत आला, ती त्याने आणि त्याच्या वडिलांनी १९६३ साली घरीच करायला घेतली होती. दांडीला जुन्या शेकोटीच्या चौकटीची महोगनी, धडाला ब्लॉकबोर्ड, आतल्या स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातल्या, खुणेचे ठिपके शिंपल्याच्या गुंड्यांचे, आणि तारांना कंप देणाऱ्या दांड्याला टोक विणकामाच्या सुईचं. हे सगळं भोरच्या बाजारात भंगारवाला आणि शिवणसाहित्यवाला मिळून आजही पुरवू शकतील.

यावर जाणकार म्हणतात, लाकडाने थोडा तरी फरक पडतोच. पडतो, मान्य. मऊ लाकूड तारेची थोडी ताकद पिऊन टाकतं, त्यामुळे सूर जरा लवकर विरतो. पण पिकअप घोडीच्या बाजूला दोन बोटं सरकवला किंवा अ‍ॅम्प्लिफायरची कळ फिरवली की त्याच्या कितीतरी पट फरक पडतो. शिवाय आपल्याकडे याची जाहीर परीक्षा दरवर्षी गणपतीत होते. टेम्पोवर जो बँजो वाजतो त्याची मूळ घडण जपानी, १९१२च्या सुमाराची. लाकडी पेटी, वर टाइपरायटरसारखी बटणं, आत तारा, आणि आपल्या पोरांनी जोडलेला पिकअप. विसर्जनात नाचताना पेटी कुठल्या लाकडाची म्हणून कुणी पाय थांबवल्याचं ऐकिवात नाही.

मग काळजी कुठे घ्यायची? दांडीत. सहा तारांचा मिळून ताण चाळीसेक किलो असतो, आणि तो रात्रंदिवस दांडीला वाकवू पाहतो. भोरच्या पावसात तर लाकूड आपणहूनच वाकायला निमित्त शोधत असतं. त्यामुळे आत पोलादी सळई हवी, लाकूड वाळलेलं आणि सरळ रेषांचं हवं. पाडलेल्या वाड्याची सागवानी चौकट पन्नास पावसाळे पिऊन शांत झालेली असते, ती यासाठी नामी. दुसरी काळजी पडद्यांची, म्हणजे फ्रेटची. तारेची मोकळी लांबी ६४८ मिलिमीटर धरली तर तिला १७.८१७ने भागायचं. पहिला पडदा ३६.४ मिलिमीटरवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भाग, की दुसरा. बारावा बरोबर मध्यावर, ३२४ला. पहिल्या पडद्यावर एका मिलिमीटरची चूक कानाला फारशी जाणवत नाही, विसाव्यावर तीच चूक तिप्पट बोचते. आणि मागच्या पडद्यापासून पुढचा मोजत गेलं तर चुका साठत जातात, म्हणून प्रत्येक माप वरच्या टोकापासूनच घ्यायचं. चौकटीत अर्धा सूत इकडेतिकडे झालं तर सुतार फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वेळ मारून नेतो. इथे लांबी कामाची नाही.

शेवटचा आक्षेप हिशोबी माणसाचा. तयार गिटार दुकानात काही हजारांत मिळते, मग हा उद्योग कशाला? त्याचं खरं आहे. पिकअप, खुंट्या, फ्रेटची तार आणि घोडी विकत आणावीच लागते, आणि वेळेचे पैसे धरले तर हातची गिटार महागच पडते. पण हा आक्षेप लोणच्यालाही लागू आहे, आणि म्हणून उत्रोलीत कुणी कैऱ्या फोडायच्या थांबवल्या नाहीत. लाईट गेली की ही गिटार वाजवणाऱ्यालाच जेमतेम ऐकू येते, हा दोष म्हणून सांगतात. शेजाऱ्यांना विचारून पाहावं.

तेव्हा करायचीच असेल तर धडासाठी वखारवाला देईल ती आंब्याची वाळलेली फळी घ्या, वाळवी तेवढी पाहून घ्या. वाचलेले पैसे चांगल्या खुंट्यांत आणि मापाच्या पोलादी पट्टीत घाला. दांडीच्या लाकडात मात्र एक जरी गाठ दिसली तरी ते फुकट दिलं तरी घेऊ नका.