खाडीकाठचा वायरमन

राजापूर तालुक्याच्या किनाऱ्यावर, म्हणजे साखरी नाटे, जैतापूर, मुसाकाजी आणि आंबोळगड या पट्ट्यात, बंदराच्या आधाराने जगणारे जे नाना तऱ्हेचे कारागीर आढळतात, त्यांपैकी बोटीचा वायरमन हा वर्ग अभ्यासकांकडून काहीसा उपेक्षित राहिला आहे. सुताराचे काम बोटीच्या फळीवर दिसते आणि इंजिनाच्या मेस्त्रीचे काम आवाजावरून कळते. वायरमनचे कार्य मात्र मुख्यतः अंधारात चालते आणि ते पूर्ण झाल्यावरही तो अंधार टिकून राहण्याची शक्यता असते.

जैतापूरच्या खाडीतून एके काळी शिडाची गलबते राजापूरच्या पेठेकडे येत, आणि सतराव्या शतकात तेथे इंग्रजांची वखारही होती. त्या गलबतांवर बिघडेल असा एकही प्लग नसल्यामुळे वायरमनचा उगम त्या काळात शोधणे व्यर्थ ठरते. पुढे इंजिने आली, शीड गेले, डोलकाठी दिवा व अँटेना टांगण्यापुरती उरली आणि या वर्गाला क्षेत्र लाभले. १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी सुरू झाली की बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, आणि याच काळात जुन्या बोटींचे सौदे होतात. घेणारा फळ्या ठोकून पाहतो, इंजिन चालवून पाहतो, कागदपत्रे उलटीपालटी करून पाहतो, परंतु केबिनमधील प्लगपॉइंटला हात लावत नाही. बंदी उठल्यावर खलाशी तेथे मोबाइल चार्जिंगला लावतो आणि काहीच घडत नाही, तेव्हा वायरमनला निरोप जातो.

या गृहस्थाचे शिक्षण बहुधा राजापूरच्या बाजारपेठेत झालेले असते. अर्जुना आणि कोदवली या नद्यांचे पाणी पावसाळ्यात जवाहर चौकात शिरते, दुकानांतील बोर्ड भिजतात आणि पूर ओसरल्यावर ते उघडून, पुसून, सुकवून पुन्हा चालू करण्याच्या कामात त्याचा हात बसतो. त्यातून तो असा सिद्धान्त काढतो की वीज आणि पाणी यांचे वैर तात्पुरते असून उन्हाने ते मिटते. गोड्या पाण्यापुरता हा सिद्धान्त बऱ्याच अंशी टिकतो. खाऱ्या पाण्याचे तसे नसते, कारण पाणी उडून गेले तरी मीठ मागे राहते, ते हवेतील ओल शोषत राहते आणि तांब्याच्या तारेवर हिरवा थर चढवते. ही तार वरून शाबूत दिसते आणि प्लास्टिकच्या आवरणाखाली कुजत जाते. परिणामी वीज राजापूरच्या गंगेच्या झऱ्याप्रमाणे स्वतःच्या मर्जीने प्रकटते व लुप्त होते, आणि वायरमन हजर असताना ती हटकून प्रकट झालेली असते.

त्याच्या खिशातील टेस्टर, म्हणजे आत निऑनचा छोटा दिवा असलेला पेचकस, हे त्याच्या अधिकाराचे चिन्ह होय. हा दिवा सुमारे ६०-७० व्होल्टच्या खाली पेटतच नाही. बोटीवर मात्र दोन प्रकारची वीज नांदते: एक बॅटरीची, बहुधा १२ किंवा २४ व्होल्टची, आणि दुसरी इन्व्हर्टरने तिच्यापासून बनवलेली २३० व्होल्टची. त्यामुळे बॅटरी पूर्ण भरलेली असतानाही टेस्टर गप्प राहतो आणि वायरमन गंभीरपणे जाहीर करतो, “सप्लायच नाय.” ज्या तालुक्यात माडबनला सहा अणुभट्ट्यांचा, सुमारे दहा हजार मेगावॅटचा प्रकल्प योजलेला आहे, तेथे १२ व्होल्टचा पत्ता न लागणे ही गोष्ट ऊर्जाशास्त्राच्या अभ्यासकाने नोंदवण्याजोगी आहे.

सप्लाय असल्याचे तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, वायरलेस सुरू करून दाखवले, की दुसरे निदान येते: “अर्थिंगचा प्रॉब्लेम.” अर्थिंग म्हणजे गळती झालेल्या विजेला जमिनीत जाण्यासाठी ठेवलेली सुरक्षित वाट; घराशेजारी खड्डा खणून, त्यात धातूची पट्टी पुरून, ओल टिकावी म्हणून भोवती कोळसा आणि मीठ भरून ती तयार केली जाते. जमिनीवर मीठ विकत आणून पुरणाऱ्या या माणसाला अरबी समुद्र म्हणजे परमेश्वराने फुकट भरून ठेवलेला खड्डा वाटावा, हे स्वाभाविकच होय. म्हणून तो कोणतीही तार इंजिनाच्या सांगाड्याला बांधतो. तेथून बॅटरीची वीज पाण्यात झिरपू लागली, तर पंख्याचे व दांड्याचे धातू झपाट्याने झिजतात, आणि त्यांच्याऐवजी आधी झिजावा म्हणून बसवलेला जस्ताचा ठोकळा अकालीच संपतो. त्या झिजेचा दोष तो समुद्राला देतो.

एवढ्यावरून त्याला अडाणी ठरवणे अन्यायाचे होईल. तांडेल पाहत असताना तो डिजिटल मीटर बाहेर काढतो, कारण आकडा दिसल्याशिवाय गिऱ्हाईक पैसे देत नाही, हे त्याने ओळखलेले असते. मीटर १२.६ व्होल्ट दाखवतो आणि पॉइंट तरीही मेलेलाच असतो. मीटर स्वतः जवळजवळ वीज ओढत नसल्याने कुजलेल्या जोडातूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसते. तांडेल चहाला गेला, की वायरमन पिशवीच्या तळातून मोटरसायकलच्या इंडिकेटरचा, दोन तारा झाळलेला, २१ वॉटचा बल्ब काढतो. हा बल्ब सुमारे पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे जोडात ५ ओहमचा अडथळा असला तरी तो मिणमिणतो आणि बिघाड कोठे आहे हे निमूटपणे सांगतो. वायरमन तो जोड कापतो, तार खरवडून चकचकीत करतो, तिच्या टोकावर नवीन थिंबल, म्हणजे धातूची टोपी, दाबतो आणि तांडेलाची पावले ऐकू येताच बल्ब पिशवीत दडवून मीटरकडे एकाग्रतेने पाहू लागतो. खरे ज्ञान लपवून दिखाऊ ज्ञानाचे बिल करणारा हा विद्वान विद्यापीठांतही अपरिचित नसावा.

दुरुस्तीचा एक विधी मात्र तो कधीही चुकवत नाही. बोर्ड उघडताच, आतील एकाच रंगाच्या तारांचा गुंता आणि थिंबलाऐवजी पिळून टेप गुंडाळलेले जोड पाहून तो कपाळाला हात लावतो व म्हणतो, “हे कोणी केलान?” या प्रश्नातून पूर्वसूरींचा अपमान, स्वतःची प्रतिष्ठा आणि बिलाची वाढ ही तिन्ही कार्ये एकदम साधली जातात. परंतु जुन्या बोटी बहुधा याच खाडीत हात बदलतात आणि खाडीला वायरमन मोजकेच लाभलेले असतात. त्यामुळे टेप उलगडताना तिचा उलटा वेढा आणि आतील गाठ त्याला ओळखीची वाटू लागते. तो किंचित थबकतो, वाकून पुन्हा पाहतो, आणि मग अत्यंत न्यायबुद्धीने निकाल देतो की त्या काळी टेपच चांगली मिळत नव्हती.