मॅटर आलं का?

मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक अशा चारही जागी एकच नाव छापणारा माणूस प्रत्येक तालुक्याला एक तरी असतोच. देऊळगाव राजाला आमचे भाऊ आहेत. इंग्रजांच्या १८६७च्या कायद्याने अंकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव टाकायला लावलं. तो कायदा जाऊन २०२४च्या मार्चपासून नवा आला, भाऊंची शेवटच्या पानावरची ओळ मात्र जागची हललेली नाही. अंक वाटायला मोटारसायकलवरून तेच जातात, एवढंच काय ते छापायचं राहतं.

भाऊंचं साप्ताहिक चालतं एका शब्दावर. बातमी आली की मॅटर आलं. जाहिरात मॅटर, जाहीर नोटीस मॅटर, लग्नपत्रिका मॅटर आणि तेराव्याच्या आत पोचली तर श्रद्धांजलीही मॅटरच. आश्विनातली बालाजीची यात्रा आणि १२ जानेवारीचा सिंदखेडराजाचा जिजाऊ जन्मोत्सव ही दोन तर कायमची मॅटरं. खिळ्यांच्या काळात ती सुतळीने बांधून फळीवर ठेवलेली असत, आता फाईलमध्ये असतात. साल तेवढं बदलायचं. भाविकांची अलोट गर्दी तीच.

पण हाच शब्द बसस्टँडवरही राहतो. तिथे पोरांची हाणामारी झाली की मॅटर होतो, ठाण्यात गेला की वाढतो, पुढाऱ्याने हात घातला की मिटतो. फरक फक्त लिंगाचा. छापायचं ते मॅटर, निस्तरायचा तो मॅटर. भाऊंचा संबंध दोन्हींशी, आणि घाईत लिंग कोण सांभाळतो?

दसऱ्याच्या अंकाचं पहिलं पान चाललं होतं. दोन भावांचा धुऱ्यावरून पेटलेला वाद चार कॉलमात बसवलेला. भाऊंना फोन आला. ते उठले, दुकानाच्या पायरीवर गेले आणि तिथूनच ओरडले, "मिटलं का? बरं झालं! मॅटर क्लोज!" आत डीटीपीवाल्या पोराने इमानदारीने चार कॉलम उडवले. खड्डा पडला, तो त्याने तयार असलेल्या शुभेच्छांनी भरला. भावी नगराध्यक्षांचा हात जोडलेला फोटो, पाव पान, फुकट. अंक निघाल्यावर दुसरे तीन भावी नगराध्यक्ष दुकानात आले. मग खराच मॅटर झाला, पुल्लिंगी.

दिवाळी अंक काढायची हौसही भाऊंना आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठी माणसाला फराळासोबत वाचायला लागतं आणि तालुक्याच्या कवींना छापून यायला. भाऊ कविता वाचत नाहीत, मोजतात. एक कवी महिनाभर फेऱ्या मारत होते. शेवटी भाऊंनी निकाल दिला, "सर, तुमच्यात मॅटर कमी पडतं." कवींचा चेहरा उतरला. आशय नाही असं आजवर त्यांना फक्त बायकोने सांगितलं होतं. भाऊंना म्हणायचं होतं, कॉलम भरायला सहा ओळी हव्यात. कवींनी त्या तिथेच उभ्या उभ्या लिहून दिल्या. माझ्या मते कवितेतल्या बऱ्या ओळी त्याच.

परवा चहाच्या टपरीवर शेजारच्या गुरुजींनी भाऊंना बाजूला घेतलं. आवाज बारीक करून म्हणाले, "भाऊ, तुमच्या धाकट्याचं मॅटर कानावर आलं. जालन्याला कॉलेजात एक मुलगी हाये म्हंते."

भाऊंचा अर्धा जीव फोनमध्ये होता. अंकाला अजून दीड पान कमी होतं.

"असू द्या की गुरुजी," ते म्हणाले. "दोघांचं मिळून पाठवा म्हणा. पासपोर्ट फोटो जोडा, अन् शुक्रवारच्या आत. मंग कुठं बसवायचं ते पाहतो मी."