दाजींचा दुसरा हात

कोणाच्याही घरी गेले की आमचे दाजी आधी खुर्ची उलटी करून बघतात आणि मगच तिच्यावर बसतात. यजमान ओशाळतात. आपल्या घरात ढेकूण असल्याचा संशय पाहुण्यांना आलाय, असं त्यांना वाटतं. तसं काही नसतं. पॉलिश दिसत्या बाजूला मारतात, बैठकीच्या पोटाखाली लाकूड उघडंच राहतं. ते साग आहे, आंब्याची फळी आहे की नुसतं प्लायवूड, हे तिथे कळतं. दाजी नखाने जरासं खरवडतात, वास घेतात आणि खुर्ची सुलटी करत म्हणतात, "बल्लारशा आहे. विकायची झाली तर आधी मला सांगा." यजमानांच्या घरात तेव्हा साखरपुडा चाललेला असतो.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. एका सरकारी कचेरीत त्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले, तेही लोखंडी राखाडी टेबलाशी बसून. निवृत्त झाल्यावर त्या राखाडी रंगाचा सूड त्यांनी सगळ्या फर्निचरजातीवर उगवला. त्यांच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आता राखाडी सोडून सगळे रंग आहेत, बरेचसे एकाच स्टुलावर.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. या दोन दिवशी दाजी आजारी पडत नाहीत. खिशात टॉर्च, टेप आणि एक रुपयाचं नाणं घेऊन ते निघतात. नाण्याने रंगाचा पापुद्रा उचलून खालचं लाकूड बघायचं असतं. मग लाकडावर टिचकी मारायची. बारीक छिद्रांतून पिठासारखी भुकटी गळली, तर आतला भुंगा अजून मुक्कामाला आहे असं समजायचं. खण ओढून बघायचा. त्याच्या कोपऱ्यात लाकडात लाकूड गुंतवलेला सांधा असेल तर वस्तू सुताराची. खिळे किंवा स्टेपलच्या पिना दिसल्या तर कारखान्याची. दाजींना हे सगळं कळतं. तरी घरी येते ती वस्तू पिनांचीच असते, कारण सांध्याची वस्तू विक्रेत्यालाही कळते.

घासाघीस ऐकण्यासारखी असते. "काका, घ्यायचं तर घ्या, हात नका लावू," इथपर्यंत विक्रेता आला की भाव उतरणार हे दाजी ओळखतात. टीपॉय निम्म्या किमतीत पडतो. मग त्याच्या दुप्पट भाडं देऊन तो टेम्पोतून कोथरूडला येतो. भाड्याचा आकडा वहीत चढत नाही. एके काळी लोकांच्या प्रवासभत्त्यांवर लाल शाईने शेरे मारणाऱ्या माणसाला निवृत्तीनंतर एवढी सूट असावी, यावर माझं काही म्हणणं नाही.

आता रंग. हल्ली रंगाच्या दुकानात हवी ती छटा यंत्रावर कालवून देतात. तिथे कोणीतरी हौसेने एखादी छटा बनवून घेतं, भिंतीवर एक पट्टा मारतं, घरच्यांच्या तोंडाकडे बघतं आणि डबा परत आणतं. असे परत आलेले डबे दुकानाच्या मागच्या फळीवर साठतात आणि स्वस्तात निघतात. दाजी त्यांचं हक्काचं गिऱ्हाईक. म्हणजे एका घराने टाकलेलं टेबल आणि दुसऱ्या घराने टाकलेला रंग यांचं लग्न दाजी स्वतःच्या गॅलरीत लावतात आणि बिऱ्हाडही त्यांच्याच घरात होतं. ताई या रंगांना साड्यांची नावं देते. आमसुली, चिंतामणी, शेवाळी, मोरपंखी. ज्याला साडीतही नाव नाही, त्याला ती "तो" म्हणते.

दाजींची शास्त्राची बाजू पक्की आहे हे मान्य केलं पाहिजे. जुन्या लाकडावर बहुधा लाखेची चपडी स्पिरिटात विरघळवून केलेलं पॉलिश असतं. त्या गुळगुळीत थरावर रंग धरत नाही, पोपडे निघतात. म्हणून आधी पॉलिश पेपरने घासायचं, ऐंशी नंबरने सुरुवात, मग एकशेवीस, मग दोनशेवीस. नंबर वाढतो तसा कागद बारीक होतो. घासायचं ते रेषांच्या दिशेने, आडवं नाही. खड्डे लांबीने भरायचे, वाळल्यावर पुन्हा घासायचं, मग प्रायमर, मग रंगाचा पहिला हात, चोवीस तास कळ काढायची, हलकेच घासून दुसरा हात. हे सारं दाजी इतकं रसाळ सांगतात, की सांगून झाल्यावर करायची गरज त्यांना उरत नाही. घासणं ऐंशीवरच थांबतं. पहिला हात मात्र ते झोकात मारतात, पाच पावलं मागे जातात, मान तिरकी करून बघतात, "मेहुणे, काय होतं आणि काय झालं!" म्हणतात, आणि ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवतात. दुसरा हात त्यांनी कधी मारलेला कोणी पाहिला नाही. नजर पुढच्या बुधवारवर असते.

घासण्याच्या बाबतीत एकदा ताईने हस्तक्षेप केला, तो योग्यच होता. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं हा नियम आपल्याकडे २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटच्या थरांत शिसं किती असेल याचा भरवसा नाही, आणि कोरडं घासलं की त्याची धूळ पोटात जाते. लहान मुलांना तर ती फारच वाईट. नातू यायचा होता. ताईने दाजींच्या हातात मास्क आणि वॉटर पेपर ठेवला आणि सांगितलं, "अहो, ओलं करून घासा, नाहीतर घासूच नका." दाजींनी दुसरा पर्याय आनंदाने स्वीकारला.

एका जुलैत त्यांनी जेवणाच्या सहा खुर्च्या रंगवल्या. ऑइलपेंट हवेतला प्राणवायू घेऊन कडक होतो, आणि पुण्याच्या पावसाळी दमट हवेत ते काम रेंगाळतं. वरून वाळल्यासारखा दिसतो, आत चिकटच. मंगळागौरीला आलेले व्याहीबुवा पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर तीन उभे शेवाळी पट्टे घेऊन घरी गेले. व्याही सज्जन. जाताना "रंग छान आहे" म्हणाले.

दाजींना खरं बळ मिळालं ते भाचीमुळे. ती बंगळुरूला असते. तिने फोनवर सांगितलं, की ऑक्सफर्डच्या ॲनी स्लोन नावाच्या बाईंनी १९९० साली 'चॉक पेंट' काढला, तो फारसं न घासता, प्रायमरशिवायही लावता येतो, आणि नंतर कडांवरचा रंग मुद्दाम थोडा घासून वस्तू झिजल्यासारखी दिसू द्यायची पद्धत आहे. तशा वस्तूंना शहरात मोठी किंमत येते. मुंबईत ओशिवऱ्याच्या फर्निचरबाजारात कोरी करकरीत कपाटं जुनी दिसावीत म्हणून घासून देतात, हे मीच बोलून गेलो. त्या दिवसापासून दाजींच्या घरातला प्रत्येक पोपडा हेतुपुरस्सर झाला. कुठे रंग उडालाय म्हणावं, तर "उडालाय नाही, उडवलाय." एक हातही न मारलेल्या कपाटाच्या पाठीला ते 'नैसर्गिक बाजू' म्हणू लागले.

लाकूड रंगवणं पाप आहे असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं की दाजी लगेच सावंतवाडी काढतात: चितारआळीतले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या पाट रंगवत आले, चौरंग रंगवत आले, त्यांना कोणी नावं ठेवली? बरोबर आहे. पण ते लोक रंगवतात, दाजी झाकतात. प्लायवूड झाका, गंजलेलं लोखंडी कपाट रेडऑक्साइड मारून खुशाल झाका, त्यांचं कल्याणच होईल. माझं भांडण एका कपाटावरून आहे.

कपाट जुन्या बाजारातलंच. वर काळपट हिरवा रंग, त्याखाली पिवळा, त्याखाली चुन्यासारखं काहीतरी. आयुष्यात प्रथमच दाजींनी वॉटर पेपर घेऊन मन लावून घासलं. कितीतरी दिवस गॅलरीत चिखल झाला. आणि एका संध्याकाळी सगळे थर संपून खालून साग निघाला. जुना, मधासारख्या रंगाचा, दाराच्या फळीवर उभ्या रेषा लाटांसारख्या गेलेल्या. शेजारपाजारचे बघायला आले. ताईने इतक्या वर्षांत प्रथमच हात फिरवून बघितला आणि म्हणाली, "अहो, आता नुसतं तेलपाणी करा. असंच राहू दे." दाजींचेही डोळे भरून आले. "असंच राहू दे," ते म्हणाले. मी निश्चिंत मनाने घरी आलो.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा कपाट मोरपंखी होतं. "एवढं चांगलं लाकूड उघडं कसं ठेवायचं?" दाजी म्हणाले. आणि या एका कपाटाला त्यांनी दुसरा हात मारला होता.

हल्ली दाजी वस्तू नातेवाइकांना भेट देतात. पुण्यातल्या आमच्या गोतावळ्यात घरटी एक तरी स्टूल आहे. ते माळ्यावर असतं, दाजी येणार म्हटलं की खाली येतं. आता माळे भरले. तेव्हा वाचकांपैकी कोणाला चिंतामणी रंगाचा, एक पाय किंचित आखूड असलेला टीपॉय हवा असेल तर कळवावं. पैसे नकोत, टेम्पोचं भाडंही दाजी देतील. फक्त पावसाळ्यात न्यायला येऊ नये, आणि आलातच तर पांढरे कपडे घालून येऊ नये.