वहीवाले सर

जून संपत आला की नगर जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या व्हरांड्यांत सीएचबीचा हंगाम सुरू होतो. सीएचबी म्हणजे जितके तास शिकवाल तितक्याच तासांचं मानधन. सुट्टी लागली की मानधनालाही सुट्टी. या पदांच्या जाहिरातीच्या तळाशी एक ओळ हमखास असते: 'मूळ कागदपत्रांसह स्वखर्चाने उपस्थित राहावे.' वहीवाले सरांना ही ओळ तोंडपाठ आहे. बाकी काही तोंडपाठ असल्याची त्यांना खात्री नसते, म्हणून ते वही आणतात.

जिल्ह्याचे तालुके 14 आणि वहीवाले सर प्रत्येक तालुक्यात निदान एक. नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, सरांच्या बायोडेटातला पत्ता बदलला, पद तेच राहिलं. वय तिशी-चाळिशीच्या मधलं, शिक्षण एम.ए., बी.एड., सेट, पीएच.डी. 'चालू'. शर्ट कडक इस्त्रीचा. प्लास्टिकच्या फाईलमध्ये झेरॉक्सचे तीन सेट. स्वतःची सही चालते हे माहीत असूनही त्यातला एक राजपत्रित अधिकाऱ्याच्या शिक्क्याचा, 'असू द्या, कोणी मागितला तर.' आणि काखेत ती दोनशे पानी वही.

वही बघण्यासारखी आहे. पान 1 वर 'स्वतःविषयी (दोन मिनिटे)'. त्याच्या समासात लाल शाईनं: 'इथे किंचित हसणे'. पान 3 वर 'माझे दोष', आणि त्याखाली एकच दोष: 'मी फार मेहनत करतो.' पान 5 वर 'पाच वर्षांनंतर मी कुठे असेन?' उत्तर: 'आपल्याच नामांकित संस्थेत.' संस्थेच्या नावाची जागा पेन्सिलीनं भरलेली, म्हणजे खोडून पुढच्या मुलाखतीला वापरता येते. एकदा खोडायचं राहिलं. संगमनेरात बसून सरांनी पुढची पाच वर्षं श्रीगोंद्याच्या संस्थेला वाहून टाकली. मंडळानं त्यांना 'शुभेच्छा' दिल्या.

मुलाखतीत वही उघडावी की नाही, हा वाद व्हरांड्यातल्या बाकावर दरवर्षी रंगतो. एक पक्ष म्हणतो, "आवं सर, कागद काढला की कॉपीच वाटती." हे खोटं नाही. दहावी-बारावीला कॉपीमुक्त अभियानात ज्यांनी स्वतः पोरांच्या बाह्या तपासल्या, तेच प्राचार्य समोर बसलेले असतात. दुसरा पक्ष म्हणतो, मंत्री विधानसभेत टिपणावरून उत्तर देतात, मग आम्हीच काय घोडं मारलंय?

खरं तर या जिल्ह्यात दोन्ही बाजूंना मोठे दाखले आहेत. नेवाशाला माऊलींनी पैसाच्या खांबापाशी ज्ञानेश्वरी सांगितली, शके 1212 मध्ये, तीही कागद हातात न धरता. टिपून घ्यायला सच्चिदानंदबाबा होते. उलट नगरच्या किल्ल्यात नेहरूंनी 1944 साली 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'ची हजारेक पानं हातानं लिहून काढली, आणि अडलं तर विचारायला मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव तिथंच बंदिवासात होते. पण नेहरूंसमोर मुलाखत मंडळ नव्हतं, हे सर लक्षात घेत नाहीत.

शेवगावच्या सरांची श्रीरामपूरची मुलाखत मात्र सविस्तर सांगायला हवी. विषय मराठी. पहाटेच्या एसटीनं कुकाण्यावरून, नेवाशावरून ते आले. नेवाशात बस थांबली तेव्हा खिडकीतूनच माऊलींना हात जोडले. विषयतज्ज्ञांनी सोपा म्हणून पहिला प्रश्न टाकला, "ज्ञानेश्वरी कुठे सांगितली गेली?" सर म्हणाले, "एक मिनिट सर," आणि वही उघडली. पान सापडेना. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. शेवटी पान 34 वर बोट ठेवून सरांनी विजयी मुद्रेनं जाहीर केलं, "नेवासे!"

इतक्यात वहीतून घडी घातलेला एक कागद टेबलावर पडला. खोलीतली हवाच बदलली. या जिल्ह्यात मुलाखतीत घडीचा कागद निघाला, तर तो कारखान्याच्या चेअरमनचा असतो, नाहीतर आमदारांचा. संस्थेचे प्रतिनिधी खुर्चीत सावरून बसले. "बसा, बसा सर. चहा सांगा रे. कुणाची चिठ्ठी म्हणायची ही?"

"माझीच आहे," सर म्हणाले. "अलंकारांची यादी."

चहा आलाच नाही.

नागापूर आणि सुप्याच्या एमआयडीसीत हा घोळ कमी. तिथली पोरं टिपणं मोबाइलमध्ये ठेवतात, गेटबाहेर वाचतात, आणि आत गेल्यावर पगार किती, ओव्हरटाइम किती, बस कुठून सुटते, हे आधी विचारतात. सरांना हे उर्मट वाटतं.

कारण मुलाखत संपताना प्राचार्य दरवेळी म्हणतात, "तुम्हाला काही विचारायचंय?" तेव्हा सर वही शेवटापर्यंत चाळतात. दोनशे पानांत या प्रश्नाला पान नाही. मग ते उठतात, पान 1 वरच्या सूचनेप्रमाणे किंचित हसतात आणि म्हणतात, "नाही सर, काही नाही." कधीकधी निवडही होते. सर पेढे वाटतात, वर्षभर मन लावून शिकवतात आणि मुलं त्यांच्यावर जीव टाकतात, कारण फळ्यासमोर उभं राहिल्यावर त्यांना वही लागत नाही. एकही कागद न बघता तासभर तुकाराम सांगतात. मानधनाची चौकशी करायला मात्र ऑफिसातल्या क्लार्ककडे जातात तेव्हा पुन्हा काखेत वही असते. क्लार्क म्हणतो, "बिल पुढं गेलंय सर." सर ते तारखेसह टिपून ठेवतात.

तेव्हा यंदा मुलाखतीला निघालेल्या सर्व सर-मॅडमना सांगणं एवढंच: वही जरूर न्या, कोणी हसलं तर हसू द्या. फक्त उत्तरं घरी ठेवा आणि पहिल्या पानावर प्रश्न लिहा: तास किती, दर काय, आणि पैसे कोणत्या महिन्यात जमा होतात. हे तीन प्रश्न वाचून दाखवले तर कोणी कॉपी म्हणणार नाही.