हात लावायचा नाही

३ जून २०२०ला निसर्ग वादळानं श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या आणि आमच्या बाजूला कटर मशीनला मान आला. तोवर झाड पाडायचं म्हणजे कुऱ्हाड, दोर, चार गडी आणि सल्ले देणारे आठ. आता बऱ्याच पडव्यांत गोणपाटाखाली एखादं कटर असतं, आणि कुठलं कटर किती खाष्ट हे मालकाच्या स्वभावाइतकंच गावाला पाठ आहे.

जुनं कटर सुरू करणं ही निम्मी कारागिरी, निम्मी मनधरणी. पाच लिटर पेट्रोलला १०० मिली टू-टी ऑइल. मशीन जमिनीवर, उजव्या पायाचा चवडा मागच्या मुठीत, डावा हात पुढच्या दांडीवर. चोक बंद करून दोरी ओढायची आणि कान टवकारायचे. दोन-चार ओढींनंतर आतून एकदाच 'भुक्' असा आवाज येतो. तो ऐकला की चोक अर्धा उघडायचा आणि पुन्हा ओढायचं. नेमकं त्याच क्षणी कुणी "चहा टाकू का?" असं विचारलं आणि तो भुक् निसटला, की पेट्रोल जाऊन प्लगवर बसतं. मग प्लग काढा, फडक्यानं पुसा, वाळवा. तोवर चहा खरंच होतो.

पुढचा अंक ट्युनिंगचा. आमचे कटरवाले काका यात गावात एक नंबर. कार्बोरेटरला एल आणि एच असे दोन स्क्रू. एच आवळला की पेट्रोल कमी होतं, आवाज चढतो, आणि नवख्याला वाटतं, वा, काय जोर आहे! तोच आवाज इंजिनाच्या मुळावर येतो, कारण याला वंगणसुद्धा पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल आटलं की तेल आटलं, आणि पिस्टन सिलिंडरला धरतो. सैल सोडला तर धूर आणि मरगळ. बरोबरची जागा मधे कुठेतरी असते: मोकळ्या रेसला आवाज किंचित घोगरा आणि चेन लाकडात शिरताच स्वच्छ. काका पेचकस पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे फिरवतात तेव्हा चेहऱ्यावर तंबोरा लावणाऱ्याची तल्लीनता असते. अशा वेळी बोलणारा माणूस नजरेनंच गप्प होतो.

तर अशात शेजारच्या वाडीत स्वतःच स्वतःला जुळवून घेणारं कटर आलं. जर्मनीच्या श्टील कंपनीचं एम-ट्रॉनिक, स्वीडनच्या हुस्कवार्नाचं ऑटोट्यून, ही त्यातली नावाजलेली तंत्रं. आत एक इवलासा संगणक आणि पेट्रोल कमी-जास्त सोडणारी विजेवरची झडप. बॅटरी नाही, दोरीनं चाक फिरतं, त्यातूनच त्याची वीज. मधूनमधून हा संगणक पेट्रोल चिमूटभर कमी-जास्त करून बघतो, फेरे वाढले की घटले ते पाहतो आणि त्यावरून आपलं मत बनवतो. म्हणजे काका जे करतात तेच. फक्त मधे तंबाखू मळत नाही.

काकांनी ते उलटंपालटं केलं आणि पहिला प्रश्न टाकला, "याचे स्क्रू कुठायत?"

"नाहीत, काका."

काका बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिले.

कार्बोरेटरची दुरुस्ती झाली की या मशीनला नव्यानं शिकवावं लागतं. एम-ट्रॉनिकची रीत अशी: सुरू केल्यावर अर्धा मिनिट, फार तर एक मिनिट, सुरू करायच्या खुणेवरच चालू द्यायचं, रेसला बोट लावायचं नाही. मग चेनब्रेक सोडून पूर्ण रेस द्यायची आणि धरून ठेवायची; कमीत कमी ३० सेकंद, प्रसंगी दीड मिनिट. समोर लाकूड नाही, काही नाही. मशीन मात्र जिवाच्या आकांतानं किंचाळतं, मधेच चढतं, मधेच उतरतं. कुंपणापलीकडून माणसं धावत येतात. प्रत्येकाला वाटतं काहीतरी केलं पाहिजे. काहीच करायचं नसतं! आवाज ठळकपणे खाली आला की बोट उचलायचं, झालं. इंजिन चालू असताना मराठी माणसानं हात न लावता, मत न देता दीड मिनिट उभं राहायचं, ही अट जर्मन इंजिनिअरांना सोपी वाटली असणार.

एका बाबतीत मात्र मी त्या संगणकाच्या बाजूचा. पेट्रोलमध्ये हल्ली २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. कोल्हापूर-सांगलीचा ऊस असा कोकणातल्या कटरच्या टाकीत येऊन बसतो. इथेनॉलमुळे मिश्रण अशक्त होतं. साध्या कटरचा स्क्रू त्यासाठी हातानं सैल करावा लागतो. हा गडी आपल्या मर्यादेत ते न सांगता सावरून घेतो. पावसाळ्यापासून डब्यात राहिलेलं, पाणी ओढलेलं पेट्रोल मात्र त्यालाही पचत नाही, आणि फिल्टर भुशानं बुजला असेल तर हुशारी कुठवर पुरणार?

चेनचे दात तर अजून गोल कानसच मागतात. प्रत्येक दाताला दोन-तीन हात, तिरकस, एकाच दिशेनं, सगळे सारखे. काकांनी त्या नव्या मशीनची चेन अंगठ्यानं चाचपली आणि चेहरा खुलला.

"बोथट आहे," म्हणाले. "आणि धारेचे आता दुप्पट घेईन हं, भाऊ. ट्युनिंगचं उत्पन्न बुडालं ना माझं."