चव नोंदवही

प्रत्येक शाळेच्या हाकेच्या अंतरावर एक तरी शिक्षणतज्ज्ञ राहत असणार, असा कायद्याचा भाबडा विश्वास आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, एकूण सदस्यांत निम्म्या बायका आणि उरलेल्या चतकोरात नगरसेवक, शिक्षक यांच्या शेजारी या तज्ज्ञाला जागा. सोलापूरच्या पूर्वेकडे यंत्रमागांच्या खटखटीमुळे माणसं प्रेमाचं बोलणंही वरच्या पट्टीत बोलतात. तिथे तज्ज्ञ शोधायला कुठे जायचं? मुख्याध्यापक फार लांब गेले नाहीत. आमच्या शेजारच्या बाई महापालिकेच्या शाळेतून निवृत्त होऊन अंगणातल्या तुळशीला शिस्त लावत बसल्या होत्या. त्यांची सही घेतली, आणि जन्मभर ज्यांना कुणी मत विचारलं नव्हतं त्या बाई एका दुपारीत तज्ज्ञ झाल्या.

पूर्वी महापालिकेचं शिक्षण मंडळ असे. १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यातून आलेली ही मंडळं बरखास्त करायचा निर्णय राज्याने २०१३ मध्ये घेतला. मंडळाचे सदस्य यायचे म्हणजे गाडीचं दार वाजायचं, मुलं स्वागतगीत म्हणायची आणि बाई मागच्या बाजूला ‘सूर सोडू नका’ असे डोळे करून उभ्या असायच्या. आता त्या स्वतः सदस्य आहेत आणि रिक्षाने जातात. स्वागतगीत कुणी म्हणत नाही, याचं त्यांना वाईट वाटत नसावं; पण एकदा ‘हल्ली मुलांचा गळा तयार करून घेत नाहीत’ असं त्या उगीचच म्हणाल्या.

समितीचा अध्यक्ष पालकांतूनच निवडायचा असतो. इथला अध्यक्ष बाईंचाच जुना विद्यार्थी. घरी तेलुगू बोलणारा, हिशेब मनातल्या मनात तेलुगूत करून उत्तर मराठीत सांगणारा. आता टॉवेलच्या कारखान्यात मागावर असतो. बाई आत आल्या की तो खुर्चीतून उठतो. तो अध्यक्ष म्हणून बाईही उठू पाहतात, आणि सभेची पहिली काही मिनिटं दोघं एकमेकांना बसवण्यात जातात. ‘अध्यक्ष महोदय, तू आधी नीट बस,’ हे बाईंचं वाक्य इतिवृत्तात येत नाही, ही मला त्या दस्तऐवजाची मोठी उणीव वाटते. नगरसेवकाची खुर्ची मात्र रीतसर मांडलेली असे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले आणि निवडणूक लांबत राहिली, तेव्हा त्या खुर्चीवर बाईंची पिशवी बसू लागली. पिशवीने कुठल्याच ठरावाला विरोध केला नाही.

पण बाईंचं मन खरं रमतं ते चव नोंदवहीत. मुलांना जेवण वाढण्याआधी कुणीतरी जाणत्याने ते चाखून पाहायचं आणि शेरा लिहून सही करायची, असा नियम आहे. बाईंना रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मीठ जवळजवळ तोडलेलं. त्यामुळे खिचडी चाखणं हे त्यांच्या आयुष्यातलं शासनमान्य पथ्यमोडणं. वाटीभर खिचडी त्या डोळे मिटून खातात. मग कपाळाला आठी घालून वही ओढतात आणि वर्षानुवर्षं प्रगतिपुस्तकांवर चाललेला तो हात आपोआप लिहून जातो: ‘मीठ समाधानकारक. हळदीचा अतिरेक टाळावा. डाळीने अधिक मेहनत घ्यावी.’ पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, हे कागदावर ठरलेलं आहे. डाळीवर बाईंचा रोख आहे तो त्यासाठी. मुख्याध्यापकांना मात्र तपासणीला येणारे अधिकारी हे वाचून काय म्हणतील याचा घोर लागलेला असतो. ‘नुसतं “उत्तम” लिहिलं तरी चालतं बाई,’ ते हळूच सुचवतात. बाई चष्म्यावरून पाहतात. पहिल्याच चाचणीत कुणाला ‘उत्तम’ देण्याची त्यांना सवय नाही.

या खिचडीच्या आधी, नव्वदच्या दशकात, कोरडा तांदूळ मिळायचा. महिन्याला तीन किलो, आणि तोही ज्याची हजेरी ऐंशी टक्के भरली त्यालाच. तांदूळ मोजताना बाईंचा हात सढळ होता असं ऐकतो. हजेरीच्या टक्क्यांतही तो सढळ असावा, अशी मला दाट शंका आहे. तापाने आठवडाभर घरी पडलेली एखादी पोर त्यांच्या हजेरीपटात खिडकीपाशी बसून पाढे म्हणत असायची. विचारलं तर बाई तुळशीकडे पाहतात.

तशा पोरींपैकी काही आता समितीतल्या आया आहेत. विड्या वळतात. ओल्या तेंदूपानाचा आणि तंबाखूचा वास पदराला धरूनच त्या सभेला येतात, आणि बोटं रिकामी ठेवायची सवय नसल्याने विषयपत्रिकेच्या कागदाची नकळत सुरळी करतात. सभा दुपारची. कारखान्यात विड्या द्यायची वेळही तीच. मजुरी हजार विड्यांवर मोजतात, तेव्हा कुंपणाच्या भिंतीवर तासभर चर्चा झाली तर ती कितीला पडते याचा हिशेब त्यांच्या बोटांवरच असतो. मागच्या सभेत एकीने, बाईंकडे न बघता, सांगून टाकलं, ‘ह्या टायमाला जमत नसतंय ओ. विड्या द्यायला जायचं असतंय.’

खोलीत शांतता पसरली. मुख्याध्यापक म्हणाले की परिपत्रकात... आणि थांबले, कारण बाईंनी बोट वर केलं होतं. बोलायची परवानगी मागायला वर्गात मुलं करतात तसंच, कोपर बाकावर टेकवून. अध्यक्ष गोंधळला. बाईंना परवानगी द्यायची कशी, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी तो अर्धवट उठून म्हणाला, ‘बोला की बाई.’ सभा सकाळी, मुलांना शाळेत सोडायला आया येतात तेव्हाच, उभ्याउभ्या घ्यावी, अशी सूचना बाईंनी मांडली. ठराव एकमताने मंजूर झाला.

आता अडचण एवढीच आहे की सकाळी खिचडी आलेली नसते. चव नोंदवहीसाठी दुपारी स्वतंत्रपणे येत जाईन, असं बाईंनी लेखी कळवलं आहे. पत्राच्या खाली, तज्ज्ञ या नात्याने, सही आहे. आणि ताजा कलम असा की फोडणीत लसूण थोडी वाढवल्यास हरकत नसावी.